माद्रिदची ‘ट्रान्झिशन’ वॉकिंग टूर : शून्य सीटवाल्या पक्षासाठी उन्हात चालायचं का?

आधी रेटिंग सांगून टाकते, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण घाईत असाल तर एवढंच घ्या की इतिहासाची आवड असेल, पायांत बरे बूट असतील आणि तीन तास राजकारण ऐकायची तयारी असेल तर ही टूर फुल्ल पैसा वसूल आहे. माद्रिदला येऊन फक्त राजवाडा, प्रादो आणि तापास एवढंच करायचं असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, बोअर व्हाल आणि मग इथे येऊन मला शिव्या द्याल.

टूर एक रिटायर्ड इतिहासाच्या बाई एकट्याच चालवतात. बाईंना गर्दी नकोय म्हणून नाव-नंबर टाकत नाहीये, पण स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेल्यावर देश लोकशाहीकडे वळला त्या काळावरची (त्यालाच ‘ट्रान्झिशन’ म्हणतात) इंग्लिश टूर शोधलीत तर सापडेल. ग्रुप छोटा, आठ-दहा जण. फी म्हणाल तर इथे दोघांचं दुपारचं साधं सेट जेवण होतं तेवढी, त्यात पाणीसुद्धा मिळत नाही, आपली बाटली आपण न्यायची. माझ्याबरोबर बाबा होते, नाशिकहून दोन महिन्यांसाठी आलेत, गुडघे कुरकुरतात पण राजकारणाचा विषय निघाला की गुडघे कुठे जातात कोण जाणे.

बुक करताना मला वाटलं होतं की नेहमीचंच असेल, म्हणजे राजा हुआन कार्लोस, पंतप्रधान अदोल्फो स्वारेथ, 1981 साली संसदेत पिस्तूल घेऊन घुसलेला तो मिशीवाला लेफ्टनंट कर्नल, की झालं, फोटो काढा आणि घरी जा. हे सगळं आहेच. पण बाईंचा अर्धा वेळ जातो तो एका अशा आघाडीवर जी 1977 च्या निवडणुकीत उतरली आणि साफ झोपली. ख्रिश्चन डेमोक्रॅट्सची फेडरेशन. जर्मनीत आणि इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर याच विचाराच्या पक्षांनी वर्षानुवर्षं राज्य केलं, म्हणजे चर्चला मानणारे पण लोकशाहीवाले, ना डावे ना कट्टर उजवे, मधले. स्पेन तर चर्चचा देश, तेव्हा हुकूमशहा गेल्यावर इथेही हेच येणार असं भल्याभल्यांना वाटत होतं. आले नाहीत. का आले नाहीत हीच खरी टूर आहे. आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं याच मुद्द्यावर वैतागून मधूनच निघून गेलं, त्यांना बहुतेक फ्लॅमेन्को हवा होता.

सुरुवात पुएर्ता देल सोलला, त्या घड्याळाच्या इमारतीसमोर. थर्टी फर्स्टला बाराच्या ठोक्यांवर बारा द्राक्षं खातात तेच घड्याळ. फ्रँकोच्या काळात या इमारतीत पोलिसांचं मुख्यालय होतं आणि तळघरातल्या कोठड्यांत विरोधकांना मारझोड व्हायची, हे बाई अगदी शांतपणे सांगतात आणि मग सगळ्यांना मागे वळून समोरच्या इमारतींकडे बघायला लावतात. तिथे फेब्रुवारी 1936 च्या निवडणुकीत एका माणसाचं कित्येक मजली पोस्टर लागलं होतं. होसे मारिया हिल-रोब्लेस. तेव्हा तो उजव्या कॅथलिकांचा सगळ्यात मोठा नेता, त्याआधी युद्धमंत्री होऊन गेलेला, आणि घोषणा काय तर तीनशे सीट द्या. फोटो बाईंच्या फाईलमध्ये आहे, तो प्रत्यक्षातल्या जागेशी धरून बघताना अंगावर काटा येतो खरंच. ती निवडणूक डाव्या आघाडीने जिंकली, काही महिन्यांत यादवी युद्ध सुरू झालं, आणि त्यानंतर स्पॅनिश माणसाला मोकळ्या वातावरणात मत द्यायला मिळालं ते थेट 15 जून 1977 ला. एकेचाळीस वर्षांनी.

आता गंमत बघा. एकेचाळीस वर्षांनी मतदार मत द्यायला गेला तर सालामान्का प्रांताच्या उमेदवार यादीत वरती नाव कोणाचं? हिल-रोब्लेस. तोच. वय वर्षं 78. बाबा ताबडतोब म्हणाले, “अगं म्हणजे मोरारजीच की!” मी म्हटलं बाबा, मोरारजी निवडून आले होते.

तर ही आघाडी नेमकी काय होती ते बाई आन्तोन मार्तीन चौकाकडे चालता चालता सांगतात, आणि इथे कान देऊन ऐकायचं कारण नावं खूप आहेत. दोन मुख्य पक्ष होते. एक या म्हाताऱ्या हिल-रोब्लेसचा आणि दुसरा होआकिन रुईथ-हिमेनेथचा. हा रुईथ-हिमेनेथ म्हणजे मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलेला माणूस. 1951 ते 56 हा फ्रँकोचाच शिक्षणमंत्री होता, 1956 मध्ये विद्यार्थ्यांनी दंगा केला आणि याची खुर्ची गेली, आणि मग हळूहळू गडी पूर्णच बदलला. 1963 मध्ये त्याने ‘क्वादेर्नोस पारा एल दियालोगो’ नावाचं मासिक काढलं, त्यात कॅथलिक, समाजवादी, कम्युनिस्टांच्या जवळचे असे सगळे लिहायचे, सेन्सॉरशी कायम झटापट. वकील म्हणून कामगार नेत्यांच्या केसेस घेतल्या, 1973 च्या गाजलेल्या खटल्यात युनियनवाल्यांच्या बाजूने उभा राहिला. म्हणजे फ्रँकोचा माजी मंत्री कम्युनिस्ट कामगारांचं वकीलपत्र घेतो, विचार करा.

हिल-रोब्लेसनेही रस्ता बदलला होता हं. 1962 मध्ये म्युनिकला युरोपियन चळवळीचं अधिवेशन भरलं होतं, तिथे देशातले आणि देशाबाहेरचे शंभरावर स्पॅनिश विरोधक एकत्र बसले, 1936 चे वैरी एका खोलीत, आणि त्यात हा पुढे होता. फ्रँको एवढा भडकला की परत आलेल्यांपैकी काहींना थेट बेटावर नेऊन टाकलं. हिल-रोब्लेसला पुन्हा देश सोडावा लागला.

या दोघांबरोबर बास्क लोकांचा राष्ट्रवादी पक्ष, कॅटलन ख्रिश्चन डेमोक्रॅट, वालेन्सियाचे, असे मिळून एक ‘टीम’ होती. टीम हाच शब्द वापरायचे ते. युरोपातल्या ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षांच्या संघटनेत स्पेनची अधिकृत खुर्ची यांची. बाहेर पत, आत नैतिक वजन, नावं मोठी. कागदावर बघितलं तर यांना कोण हरवणार?

आन्तोन मार्तीनला एका मिठीचं शिल्प आहे, माणसं एकमेकांना कवेत घेतायत असं, हुआन हेनोवेसच्या चित्रावरून केलेलं. जवळच आतोचा रस्त्यावर 55 नंबरच्या घरात 24 जानेवारी 1977 च्या रात्री उजव्या अतिरेक्यांनी कामगारांच्या वकिलांच्या ऑफिसात घुसून पाच जणांना ठार मारलं. निवडणूक अवघ्या पाच महिन्यांवर. इथे बाई फारसं बोलत नाहीत, दोन मिनिटं आपापलं बघा म्हणतात. ते मला आवडलं, कारण आमच्या आधी तिथे उभा असलेला एक दुसरा ग्रुप सेल्फी काढत होता आणि त्यांचा गाईड माईकवर जोक मारत होता.

इथून पुढे संसदेकडे जाताना एका बाकावर बसवून बाई जो प्रकार करतात तो या टूरचा बेस्ट पार्ट. त्या पिशवीतून 1977 च्या मतपत्रिकांच्या लॅमिनेट केलेल्या कॉप्या काढतात आणि वाटतात. आपल्याकडे मशीन यायच्या आधी होती तशी एकच लांब मतपत्रिका आणि शिक्का असं नसतं इथे, संसदेच्या खालच्या सभागृहासाठी प्रत्येक पक्षाची वेगळी चिठ्ठी, तिच्यावर उमेदवारांची छापील यादी क्रमाने, आपल्याला हवी ती चिठ्ठी उचलायची, पाकिटात घालायची, पेटीत टाकायची. यादीत खाडाखोड चालत नाही. प्रत्येक प्रांताला ठरावीक सीट, माद्रिदला तेव्हा 32, छोट्या प्रांतांना तीन-चार, आणि सीट वाटायचं गणित असं की मोठ्या पक्षांना झुकतं माप मिळतं, त्यातून प्रांतात तीन टक्क्यांच्या खाली असाल तर हिशोबातच धरत नाहीत. म्हणजे छोटा पक्ष असाल आणि मतं देशभर पातळ पसरलेली असतील तर मेलात.

मग बाई म्हणतात, उचला एक चिठ्ठी. आमच्या ग्रुपने काय उचललं माहितीये? जवळजवळ सगळ्यांनी स्वारेथची किंवा समाजवाद्यांची. आणि हे एवढं सगळं रुईथ-हिमेनेथबद्दल भारावून ऐकल्यावर! बाबांनी एकट्यांनी ख्रिश्चन डेमोक्रॅटची घेतली, “कुणीतरी घ्यायला पाहिजे ना” म्हणाले. बाई हसल्या, म्हणाल्या त्या वर्षीही असंच झालं, आदर सगळ्यांना होता, चिठ्ठी कोणी उचलली नाही.

आकडे ऐका. 350 पैकी स्वारेथच्या यूसीडीला 165, समाजवाद्यांना 118, कम्युनिस्टांना 20, फ्रँकोच्या जुन्या मंत्र्यांच्या पक्षाला 16. आणि हिल-रोब्लेस–रुईथ-हिमेनेथच्या फेडरेशनला देशभरातून दोन लाखांच्या थोडी वर मतं, म्हणजे सव्वा टक्कासुद्धा नाही. सीट शून्य. सालामान्कात हिल-रोब्लेस पडला, माद्रिदमध्ये रुईथ-हिमेनेथ पडला. टीममधले बास्क मात्र आपल्या नावाने लढले आणि आठ सीट घेऊन आले, कॅटलन भावंडांनी तिकडच्या एका मध्यममार्गी पक्षाला बरोबर घेतलं आणि त्यांनाही दोन मिळाल्या. म्हणजे माल सगळीकडेच खपला नाही असं नाही, जिथे त्याला मातीचा वास होता तिथे खपला. बाबा म्हणाले, “डिपॉझिट जप्त.” मी भाषांतर केलं तर बाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी वहीत लिहून घेतलं.

संसदेसमोरचे ते दोन सिंह सगळ्यांना माहिती असतात, शत्रूच्या तोफा वितळवून केलेले. आत जाणं टूरमध्ये नाही, बाहेरूनच. छतातल्या 1981 च्या गोळ्यांच्या खुणा बघायच्या असतील तर संसदेची वेगळी व्हिजिट बुक करावी लागते, ते आधीच करून ठेवा. बाहेर उभं राहून बाई सांगतात ती गोष्ट मात्र आत जाऊनही कोणी सांगत नाही. नव्या संसदेच्या खालच्या सभागृहाचा 1977 मधला अध्यक्ष कोण झाला? फेर्नान्दो आल्वारेथ दे मिरांदा. म्युनिकहून आल्यावर ज्यांना बेटावर टाकलं त्यातला एक, रुईथ-हिमेनेथच्याच पक्षातला. पण हा 1976 मध्ये फुटला. याचं म्हणणं एवढंच होतं की मध्यममार्गी सगळे एका छत्रीखाली या, मग त्यात जुन्या राजवटीतून आलेली सुधारक मंडळी असली तरी चालतील. रुईथ-हिमेनेथला ते पटलं नाही. शेवटी मे 1977 मध्ये स्वारेथ स्वतः त्या छत्रीखाली येऊन मधोमध उभा राहिला, म्हणजे फ्रँकोच्या पक्षयंत्रणेत वाढलेला माणूस, आणि छत्री त्याचीच झाली, तीच ही यूसीडी. आल्वारेथ दे मिरांदा त्या छत्रीखाली होता म्हणून सभापती झाला. ज्यांनी तत्त्व सोडलं नाही ते घरी बसले.

स्वारेथबद्दल एक लक्षात ठेवण्यासारखं. तो 1969 ते 73 सरकारी रेडिओ-टीव्हीचा डायरेक्टर होता. देशात टीव्ही म्हणजे तीच एक सरकारी. त्यामुळे कॅमेऱ्याकडे कसं बघायचं हे या माणसाला जेवढं कळत होतं तेवढं बाकी कुणालाच नाही. मतदानाच्या दोन दिवस आधीचं त्याचं टीव्हीवरचं भाषण, ‘वचन देऊ शकतो आणि देतो’ या चालीवरचं, स्पेनमध्ये आजही लोक नक्कल करून म्हणून दाखवतात. समोर 78 वर्षांचे हिल-रोब्लेस. तुम्हीच सांगा.

मग थोडा चढ आणि प्रादोच्या मागचं सान हेरोनिमो चर्च. बाबांना इथे जरा टेकावं लागलं, पायऱ्या आहेत, ज्येष्ठ नागरिकांना घेऊन जाणाऱ्यांनी नोंद घ्या. फ्रँको 20 नोव्हेंबर 1975 ला गेला आणि 27 तारखेला याच चर्चमध्ये नव्या राजासमोर कार्डिनल तारांकोनने प्रवचन दिलं, की राजाने सगळ्या स्पॅनिश लोकांचा राजा व्हावं. तारांकोन म्हणजे माद्रिदचा आर्चबिशप आणि बिशपांच्या परिषदेचा अध्यक्ष. फ्रँकोवाले त्याच्यावर एवढे खवळलेले की त्याला गोळ्या घाला अशा घोषणा द्यायचे. ख्रिश्चन डेमोक्रॅट मंडळींना वाटत होतं की निवडणूक आली की चर्च अंगण तरी मोकळं करून देईल, पाद्री रविवारी दोन शब्द बोलतील, इटलीत झालं तसं. तारांकोनने स्वच्छ नाही म्हटलं. कुठल्याच पक्षाला चर्चचा शिक्का नाही. चाळीस वर्षं एका सत्तेच्या मांडीवर बसून चर्चचं जे झालं ते पुन्हा नको होतं त्याला. मला विचाराल तर हा या सगळ्यातला सगळ्यात शहाणा निर्णय आहे, आणि तो ज्यांच्या मुळावर आला ते त्याच्याच विचारांचे लोक होते.

बाईंचं आणि माझं थोडं वाजलं ते इथेच. बाईंचं मत असं की ही माणसं जास्त प्रामाणिक होती म्हणून हरली, लोकांना सत्य नको होतं, चर्चने हात काढून घेतला, स्वारेथने टीव्ही वापरला, निवडणुकीचं गणित वाकडं होतं. ऐकायला छान वाटतं आणि त्या इतक्या जीव तोडून सांगतात की मान डोलावीशी वाटते. पण मला ते निम्मंच पटलं. अहो, गणित वाकडं होतं मान्य, पण तीन टक्क्यांच्या उंबऱ्याशी तर जा आधी! सव्वा टक्का मतं ही गणिताची चूक नसते. एका म्यानात दोन तलवारी, त्यातल्या एका तलवारीवर 1936 चं रक्त लोकांना अजून दिसत होतं, मग तो कितीही बदलला असो. यादवी आठवून अजून घाबरणाऱ्या माणसाला तुम्ही मत मागायला 1936 चंच पोस्टर पुन्हा पाठवताय. दुसरा इतका सज्जन की त्याच्या मासिकात तयार झालेली हुशार पोरं एकेक करून समाजवाद्यांकडे गेली आणि हा आशीर्वाद देत राहिला. ग्रेगोरियो पेसेस-बार्बा त्यातलाच, रुईथ-हिमेनेथचा शिष्य, पुढे समाजवाद्यांकडून राज्यघटना लिहिणाऱ्या सात जणांत गेला. म्हणजे यांच्या दुकानात शिकून शेजारच्या दुकानाचा गल्ला भरला. सोसायटीच्या इलेक्शनमध्ये जोशीकाका सगळ्यांना फार चांगले वाटतात, पण मत पडतं ज्याच्याकडे टँकरवाल्याचा नंबर आहे त्याला. 1977 मध्ये टँकरवाल्याचा नंबर स्वारेथकडे होता.

बाबांनी यात जनता पक्ष आणलाच, आणणारच होते. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे आणीबाणीनंतरची निवडणूक झाली, बाबा तेव्हा कॉलेजात, रात्री खळ घेऊन पोस्टरं चिकटवायला जायचे. त्यांचं म्हणणं, आपल्याकडे जनसंघ, समाजवादी, संघटना काँग्रेस, चरणसिंगांचे लोक, एकमेकांचं तोंड न बघणारे सगळे एका झेंड्याखाली आले म्हणून जिंकले, आणि हे सोवळं पाळत बसले म्हणून गेले. मी हे इंग्लिशमध्ये सांगितलं तर बाईंनी लगेच विचारलं की मग ते सरकार किती टिकलं. बाबा गप्प. दोन-सव्वादोन वर्षं. बाई म्हणाल्या आमची यूसीडी त्यापेक्षा जास्त टिकली, 1979 ला 168 सीट आणि 1982 ला अकरा, 1983 मध्ये पक्षच गुंडाळला. मग दोघं एकमेकांकडे बघून जे हसलेत, भाषा येत नसताना! बाकी ग्रुपला काही कळलं नाही. तुलना शंभर टक्के बसत नाही हे मलाही कळतं, आपल्याकडे लोकांनी सत्तेतल्यांना पाडलं आणि इथे सत्तेतूनच आलेल्याला निवडलं, पण दोन म्हाताऱ्यांमध्ये मी कशाला पडू.

शेवटचा थांबा क्वेस्ता दे मोयानो, बोटॅनिकल गार्डनच्या कुंपणाला लागून जुन्या पुस्तकांच्या लाकडी टपऱ्यांची रांग, 1925 पासूनची. पुण्यामुंबईच्या फुटपाथवर पुस्तकं उकरणाऱ्यांना इथे सोडलं तर संध्याकाळपर्यंत परत येणार नाहीत. बाई एका टपरीवर ‘क्वादेर्नोस’चे जुने अंक दाखवतात, किंमत ठीक आहे, घासाघीस फारशी चालत नाही पण दोन-तीन घेतले तर थोडं कमी करतात. मी एक घेतला. मासिक 1978 मध्ये बंद पडलं, म्हणजे लोकशाही आल्यावर. सेन्सॉर असताना पंधरा वर्षं टिकलं आणि सगळं बोलायची मुभा मिळाली तसं संपलं.

आता तो कापलेला स्टार. टूर इथे संपते आणि माझ्या मते चुकीच्या जागी संपते. कारण या गोष्टीचा खरा पुढचा भाग थुर्बानो रस्त्यावर आहे, तिथे ‘देफेन्सोर देल पुएब्लो’चं ऑफिस आहे. 1978 च्या राज्यघटनेच्या 54 व्या कलमाने हे पद तयार झालं, सरकारी कारभाराविरुद्ध कुठल्याही सामान्य माणसाची तक्रार ऐकायची, आपल्याकडच्या लोकायुक्ताच्या जवळपास जाणारं पण कामाची पद्धत वेगळी. पहिला देफेन्सोर कोण? 1982 मध्ये, संसदेने निवडलेला? रुईथ-हिमेनेथ. तोच, शून्य सीटवाला. त्याच्यानंतर 1988 मध्ये आला आल्वारो हिल-रोब्लेस, म्हाताऱ्या हिल-रोब्लेसचा मुलगा. आणि त्याच्यानंतर 1994 मध्ये आल्वारेथ दे मिरांदा, तो फुटून गेलेला. पहिले तिन्ही देफेन्सोर याच मोडक्या गोतावळ्यातले! ज्यांना कोणी मत दिलं नाही त्यांच्याकडेच तक्रार घेऊन जायला लोक आणि सगळे पक्ष तयार. हिल-रोब्लेसचा दुसरा मुलगा तर 1997 ते 99 युरोपियन पार्लमेंटचा अध्यक्ष होता. हे सगळं बाई निरोप घेताना पाच मिनिटांत उरकतात, पुस्तकांच्या टपरीसमोर उभं राहून, अर्ध्या लोकांचं लक्ष अंकांच्या किमतीकडे असताना. मी त्यांना म्हटलं की सोलमधली दहा मिनिटं कापा, मेट्रोने थुर्बानोला न्या आणि तिथे संपवा. म्हणाल्या लांब पडतं, लोक दमतात. पण मग तीन तास लोकांना हरलेल्यांची गोष्ट सांगून ते पुढे काय झाले हेच घाईत सांगायचं, हे काही बरोबर नाही. बाबांना मी नंतर वेगळं घेऊन गेले तिकडे, बाहेरून साधी इमारत आहे, बघण्यासारखं तसं काही नाही, तरी गेलो.

दुसरी तक्रार छोटी, बाईंचा आवाज रहदारीत पोचत नाही, माईक वापरत नाहीत, त्यामुळे आतोचा रस्त्यावर पुढे उभं राहा नाहीतर निम्मी नावं हुकतील आणि मग कोण कुठल्या पक्षातून कुठे गेला याचा जाम गोंधळ होईल.

प्रॅक्टिकल गोष्टी. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊ नका, ऊन मारून टाकतं आणि सावली फक्त शेवटच्या टप्प्यात आहे. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर मस्त. रविवारी मोयानोला गर्दी जास्त असते, शनिवार सकाळची बॅच बरी. टॉयलेटसाठी आन्तोन मार्तीनचं मार्केट गाठा, नंतर सोय नाही. शाकाहारी मंडळींनी टूर संपल्यावर भुकेल्या पोटी आतोचा स्टेशनसमोरच्या टुरिस्ट हॉटेलांत घुसू नये, सगळ्यात हॅम, लावापिएसच्या गल्ल्यांत थोडं चाललं की भारतीय आणि बांगलादेशी हॉटेलं आहेत, वरण-भात नाही पण डाळ मिळते. मुलं बारा वर्षांखालची असतील तर आणू नका. इंग्लिश बॅचमध्ये बाई मधूनच स्पॅनिशमध्ये घसरतात, विशेषतः हिल-रोब्लेसचा विषय निघाला की, तेव्हा न लाजता थांबवा, त्या परत सांगतात. आणि बुक करताना मेलमध्ये एक ओळ टाका की संसदेच्या आतल्या व्हिजिटची वेळ जुळवून द्या, त्या जमेल तसं करतात, आमचं जमलं नाही, तुमचं जमेल.